नक्कल करणाऱ्यांचे उपकार

१९९९ साली आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाच्या बैठकीत मी एक अत्यंत मूर्खपणाची सूचना केली होती आणि ती एकमताने मंजूर झाली होती. मी म्हटलं, "छापील अंक आता कशाला? महाजालावर टाकू." अमेरिकेत येऊन जेमतेम तीन वर्षं झालेली, नोकरी संगणकाची, त्यात डॉट कॉमचा तो ऐन भरातला काळ! छपाईचा आणि टपालाचा खर्च वाचेल, पुण्या-मुंबईचे नातेवाईक त्याच दिवशी वाचतील, रंगीत फोटोंना जादा पैसे नाहीत... माझे मुद्दे बिनतोड होते. मंडळातल्या एका वयस्कर काकांनी तेवढं विचारलं, "आणि वीस वर्षांनी वाचायचा झाला तर?" मी हसून म्हणालो, "काका, कागद पिवळा पडतो. हे कधीच पिवळं पडत नाही."

त्या अंकात काकांचाही लेख होता. १९६५ साली अमेरिकेने इमिग्रेशनचा कायदा बदलला आणि आपल्याकडच्या शिकलेल्या लोकांना इथलं दार उघडलं. काका त्या पहिल्या लाटेतले. खिशात आठ डॉलर घेऊन उतरलेले. पहिल्या हिवाळ्यातली उपासमार, घरमालकिणीने मातीच्या गणपतीला विचारलेले प्रश्न, विसर्जन न्हाणीघरातल्या टबात... असं सगळं त्यांनी लिहिलं होतं. काका काही लेखक नव्हते. आयुष्यात त्यांनी लिहिलेला हा एकच लेख.

काका २०१९ मध्ये गेले. काही महिन्यांनी त्यांच्या मुलीचा फोन आला. "बाबांनी इथे येण्याबद्दल काहीतरी लिहिलं होतं ना? आईला ते पुन्हा वाचायचंय. तुमच्याकडे असेल."

नव्हतं. ज्या कंपनीच्या फुकट जागेवर आम्ही अंक ठेवला होता, तिने ती सेवा केव्हाच गुंडाळली होती. मी मोठ्या हौसेने एक सीडी करून ठेवली होती, ती गॅरेजमधल्या खोक्यात सापडली, पण चकतीवरचा थर उडाला होता आणि संगणक तिला ओळखही दाखवेना. आणि मला सगळ्यात लागलं ते हे, की त्याच सुमारास एका सभासदाच्या तळघरात मंडळाचे सत्तरच्या दशकातले सायक्लोस्टाइल केलेले अंक सापडले. पिवळे पडलेले, कडा तुटलेल्या, पण अक्षर न् अक्षर वाचता येणारे!

शेवटचा उपाय म्हणून मी वेबॅक मशीनमध्ये आमचा जुना पत्ता टाकला. ज्यांना हे ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. इंटरनेट आर्काइव्ह ही सॅन फ्रान्सिस्कोतली ना-नफा संस्था १९९६ पासून महाजालावरची पानं जशीच्या तशी उतरवून ठेवते आहे. २००१ साली त्यांनी हा साठा सगळ्यांना खुला केला, त्याचं नाव वेबॅक मशीन. संकेतस्थळाचा पत्ता टाकायचा, तारीख निवडायची, की त्या दिवशी ते पान कसं दिसत होतं ते समोर येतं (त्या दिवशी त्यांनी ते उतरवलं असेल तर!). आमचा अंक तिथे होता. निम्मे फोटो गायब, मुखपृष्ठाच्या जागी लाल फुली, पण काकांचा लेख होता.

लेख होता, पण वाचता येत नव्हता. युनिकोड तेव्हा आपल्यापर्यंत पोचलं नव्हतं. प्रत्येक जण आपापला फाँट वापरायचा. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असायचे. फाँट गेला की खाली उरते ती रोमन अक्षरांची, कंसांची आणि टिंबांची खिचडी. आर्काइव्हने खिचडी उतरवली होती, फाँट नव्हता. मग मी चार शनिवार-रविवार बसून एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. कोणतं चिन्ह म्हणजे कोणतं अक्षर याचा तक्ता मांडायचा. त्यातही गंमत अशी की जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकलेली असते आणि युनिकोडमध्ये नंतर. रफाराचं नेमकं उलटं. आपल्याकडे महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले होते आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भावे-राजवाड्यांसारख्या अभ्यासकांनी त्यांचा उलगडा केला, तेव्हा कुठे लीळाचरित्रासारखा ग्रंथ बाहेरच्यांना कळला, हे शाळेत वाचलं होतं. आमचा अंक तर अवघा वीस वर्षांचा! सांकेतिक लिपीत जायला आता सात शतकं लागत नाहीत.

असो. लेख सुटला. काकूंना पाठवला. त्यानंतर मात्र एक प्रश्न डोक्यातून जाईना. या लेखाची ही प्रत आर्काइव्हने कुणाला विचारून केली होती?

कुणालाच नाही. काकांना नाही, मंडळाला नाही, त्या फुकट जागेवाल्या कंपनीलाही नाही. त्यांच्या यंत्राने एका रात्री येऊन गुपचूप नक्कल करून नेली. आणि अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे एखादा मजकूर लिहिला की त्याच क्षणी त्याला कॉपीराइट लागतो, नोंदणी करावी लागत नाही. लेखकाच्या मृत्यूनंतर सत्तर वर्षं तो चालतो. म्हणजे काकांच्या लेखाची विनापरवाना नक्कल करण्यापासून कायदा २०८९ च्या अखेरपर्यंत 'संरक्षण' देणार. ज्या लेखाची एकही प्रत लेखकाच्या घरात उरली नव्हती, त्याला!

यातली अडचण नीट समजून घेण्यासारखी आहे. कागदाचं जतन म्हणजे काही न करणं. वाड्यातल्या माळ्यावर दप्तर पडून राहिलं, वाळवी लागली नाही, पाऊस शिरला नाही, की ते वाचलं. राजवाडे गावोगाव हिंडून जुनी कागदपत्रं मिळवत, १८९८ साली त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड छापला, तेव्हा त्यातले बरेच कागद केवळ कुणी फेकले नाहीत म्हणून शिल्लक होते. संगणकातल्या मजकुराचं तसं नाही. तो नुसता ठेवला तर मरतो. डिस्क चार-पाच वर्षांत बिघडते, फाइलींचे प्रकार जुने होतात, कंपन्या बुडतात. त्याला जिवंत ठेवायचा एकच मार्ग, तो म्हणजे सतत नक्कल करत राहणं. आणि कॉपीराइटचा कायदा, नावातच आहे, नक्कल करण्याच्या हक्काचा कायदा आहे. जे कागदाच्या बाबतीत कायद्याच्या वाटेला जातच नाही, ते इथे पहिल्या पावलाला जातं.

ग्रंथालयांचं उदाहरण घ्या. १९०८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात एक खटला गेला. एका प्रकाशकाने कादंबरीत छापलं होतं की ही एक डॉलरपेक्षा कमी किमतीला विकू नये. न्यूयॉर्कच्या मेसीज दुकानाने ती ८९ सेंटना विकली. न्यायालय म्हणालं, प्रत एकदा विकलीत की त्या प्रतीवरची तुमची सत्ता संपली. घेणारा ती विको, देवो, भाड्याने देवो. इथली सगळी सार्वजनिक ग्रंथालयं या तत्त्वावर उभी आहेत. ई-पुस्तक मात्र ग्रंथालयाला सहसा विकत मिळतच नाही. मिळतो तो परवाना, ठरावीक मुदतीचा. मुदत संपली की पुस्तक कपाटातून आपोआप नाहीसं.

आर्काइव्हचा जनक ब्रूस्टर काहल हा एमआयटीत शिकलेला अभियंता. त्याने आपली अलेक्सा इंटरनेट ही कंपनी १९९९ साली अ‍ॅमेझॉनला विकली आणि मिळालेल्या पैशांच्या बळावर हे ग्रंथालय वाढवलं. एका शुक्रवारी दुपारी मी त्यांची इमारत बघायला गेलो होतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या फनस्टन अ‍ॅव्हेन्यूवरचं हे पूर्वीचं ख्रिश्चन सायन्स पंथाचं चर्च, ग्रीक देवळासारखे पांढरे खांब असलेलं. आर्काइव्हने ते २००९ मध्ये घेतलं. प्रार्थनेच्या मोठ्या दालनात बाकं तशीच आहेत आणि बाकांवर जुन्या कर्मचाऱ्यांचे मातीचे पुतळे बसवलेत, उंची साधारण लहान मुलाएवढी. भिंतीच्या कोनाड्यात संगणकांच्या काळ्या मांडण्या, त्यांवर निळे दिवे लुकलुकत असतात. दिवा लुकलुकला की समजायचं, जगात कुणीतरी काहीतरी वाचतंय. वातानुकूलन नाही, शहरातल्या धुक्याचा गारवा आत घेतात आणि यंत्रांच्या उष्णतेवर इमारत गरम ठेवतात. देव वगैरे मी फारसा मानत नाही, पण खरं सांगतो, चपला बाहेर काढाव्यात असं वाटलं.

आता या देवळावर आलेली संकटं बघा.

पहिलं सौम्य. २००२ साली सायंटॉलॉजी पंथाच्या वकिलांनी कॉपीराइटचं कारण दाखवून आपल्यावर टीका करणाऱ्या एका संकेतस्थळाची जुनी पानं वेबॅक मशीनमधून काढायला लावली. न्यायालयाची पायरीही चढावी लागली नाही, पत्र पुरलं. शिवाय आर्काइव्हचा स्वतःचा एक नियम बरीच वर्षं असा होता की संकेतस्थळाच्या मालकाने यंत्रांना 'आत येऊ नका' अशी पाटी लावली, तर त्या पत्त्यावरची जुनी पानंही दाखवायची नाहीत. कल्पना चांगली, पण पत्ते विकले जातात. नव्या मालकाने पाटी लावली की जुन्या मालकाचा इतिहास झाकला गेला! म्हणजे नव्या भाडेकरूने येऊन जुन्या बिऱ्हाडाचे कागद बंबात घालावेत तसं. २०१७ पासून त्यांनी हा नियम सोडायला सुरुवात केली.

दुसरं मोठं. आर्काइव्ह कागदी पुस्तकं घेऊन त्यांची छायाप्रत करायचं, कागदी प्रत कुलुपात ठेवायचं आणि छायाप्रत एका वेळी एकाच वाचकाला ठरावीक दिवसांसाठी द्यायचं. मार्च २०२० मध्ये करोनामुळे देशातली ग्रंथालयं बंद पडली, तेव्हा त्यांनी 'एका वेळी एक' ही अट उठवली. माझ्या मते हेतू चांगला होता, पाऊल चुकलं. १ जून २०२० रोजी हॅशेट, हार्परकॉलिन्स, वायली आणि पेंग्विन रँडम हाउस या चार प्रकाशकांनी न्यूयॉर्कच्या न्यायालयात दावा लावला, आणि तोही नुसता करोनातल्या सवलतीवर नाही, तर छायाप्रत उसनी देण्याच्या मूळ पद्धतीवरच. दाव्यात पुस्तकं १२७. मार्च २०२३ मध्ये आर्काइव्ह हरलं, सप्टेंबर २०२४ मध्ये अपिलातही हरलं. पाच लाखांहून जास्त पुस्तकं उसनी देणं बंद झालं.

तिसरं याहून भयंकर. ७८ आरपीएमच्या जुन्या लाखेच्या तबकड्या (आपल्याकडे बालगंधर्वांचा आवाज याच तबकड्यांवरून आपल्यापर्यंत आला) संग्राहकांकडून घेऊन, खरखरीसकट जशाच्या तशा उतरवून ठेवायचा त्यांचा एक प्रकल्प आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये युनिव्हर्सल, सोनी वगैरे संगीत कंपन्यांनी त्यावर दावा ठोकला. अमेरिकन कायद्यात जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला प्रत्येक कृतीमागे दीड लाख डॉलरपर्यंत भरपाई मागता येते, प्रत्यक्ष नुकसान किती झालं हे सिद्ध न करता. आधी २,७४९ ध्वनिमुद्रणं होती, म्हणजे सुमारे ४१ कोटी डॉलर. पुढे यादी वाढवायची मागणी झाली आणि आकडा जवळजवळ ७० कोटींवर गेला. सप्टेंबर २०२५ मध्ये हे प्रकरण आपसात मिटलं, अटी गुप्त आहेत. पण विचार करा. दावा तबकड्यांचा होता, संस्था मात्र एकच. तबकड्यांपायी ती दिवाळखोरीत गेली असती, तर त्याच छपराखालच्या महाजालाच्या पानांचं काय झालं असतं? ऑक्टोबर २०२५ मध्ये त्या पानांची संख्या एक लाख कोटींवर गेली. त्यांत काकांचं एक.

तुम्ही म्हणाल, हे अमेरिकेतले अमेरिकेत, आम्हाला काय त्याचं? मग डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाची गोष्ट ऐका. कार्नेगी मेलन विद्यापीठातले राज रेड्डी आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले एन. बालकृष्णन यांच्या पुढाकाराने या शतकाच्या सुरुवातीला भारतात लाखो जुनी पुस्तकं छायाप्रत करून महाजालावर ठेवली गेली, त्यांत मराठीही पुष्कळ. पानं तिरकी, कुठे कुठे छायाप्रत करणाऱ्याचा अंगठा आलेला, नावांची स्पेलिंगं अशी की राजवाडे शोधायला गेलात तर सापडायचे नाहीत. पण होती! पुढे स्वामित्वहक्काचा प्रश्न उभा राहिला आणि ते संकेतस्थळ बंद झालं. तोवर कार्ल मलामुड या अमेरिकन गृहस्थाने त्यातली चार लाखांहून अधिक पुस्तकं उतरवून इंटरनेट आर्काइव्हवर चढवली होती. आज पुण्यातला संशोधक घरबसल्या शंभर वर्षांपूर्वीचं मराठी पुस्तक उघडतो, ते बऱ्याचदा या सॅन फ्रान्सिस्कोतल्या साठ्यातून. आणि ऑगस्ट २०१७ मध्ये दोन हिंदी चित्रपटांच्या चोरट्या प्रती रोखण्यासाठी मद्रास उच्च न्यायालयाने अडीच हजारांहून अधिक संकेतस्थळं बंद करण्याचा आदेश दिला, त्या यादीत इंटरनेट आर्काइव्हही सापडलं होतं. काही दिवस भारतात ते उघडेना. एका सिनेमासाठी अख्खं ग्रंथालय!

दुसरी बाजू मला कळत नाही असं नाही. माझ्या एका मित्राचं पुण्यात प्रकाशनाचं छोटं दुकान आहे. हजार प्रतींची आवृत्ती काढायची म्हणजे त्याच्या पोटात गोळा येतो आणि महिन्याभरात त्या पुस्तकाची पीडीएफ फोनाफोनावर फिरायला लागते. त्याच्यापुढे मी 'ज्ञान मोकळं हवं' असं म्हणालो तर तो मला चहासुद्धा देणार नाही, आणि बरोबरच आहे. दुकानात मिळणारं पुस्तक विकत घेऊनच वाचावं. माझी तक्रार वेगळी आहे. जी पुस्तकं कुणी विकत नाही, ज्यांचे वारस सापडत नाहीत, जी पानं मालकाने स्वतःच टाकून दिली, त्यांनाही कायदा त्याच मापाने मोजतो. मुदतही वाढवत नेली. अमेरिकेने १९९८ साली कॉपीराइटची मुदत वीस वर्षांनी वाढवली, त्याविरुद्धचा खटला २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सात विरुद्ध दोन असा हरला. भारतात मृत्यूनंतर साठ वर्षं आहे. साने गुरुजी २०११ साली मोकळे झाले, पुलं १ जानेवारी २०६१ ला होतील. पुलंना काळजी नाही, त्यांच्या प्रती घरोघरी आहेत. पण त्याच वर्षी वारलेल्या, एकच पुस्तक लिहिलेल्या एखाद्या शाळामास्तरांचं काय? २०६१ पर्यंत हात न लावता ठेवायला त्यांची एक तरी प्रत राहील का?

आपल्याकडे १९५४ चा कायदा आहे, छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकाता, मुंबई, चेन्नई आणि दिल्लीच्या ठरावीक ग्रंथालयांत द्यावी लागते. त्यात महाजालावरच्या पानांचा उल्लेख नाही. ब्रिटनने २०१३ पासून आपल्या ग्रंथालयांना देशातली संकेतस्थळं विनापरवाना उतरवून ठेवायचा अधिकारच दिला. अमेरिकेत मात्र वेबॅक मशीन कायदेशीर की बेकायदेशीर यावर सर्वोच्च न्यायालयाने आजवर थेट निकाल दिलेला नाही. कुणी हरकत घेतली की पान काढायचं, या समजुतीवर गाडा चालला आहे. याहू ग्रुप्सवरचा मजकूर २०१९-२० मध्ये गेला, ऑर्कुट २०१४ मध्ये बंद झालं. परदेशातल्या मराठी माणसांच्या वीस वर्षांच्या गप्पा, भांडणं, पाककृती, घर घेतानाचे सल्ले त्यांत होते. पुढे कुणी आमच्या पिढीचा इतिहास लिहायला बसला, तर त्याला सत्तरच्या दशकाचे सायक्लोस्टाइल अंक मिळतील आणि आमच्या दशकाच्या जागी मोठं भोक!

तर मी काय केलं? आमच्या मंडळाच्या घटनेत एक ओळ घालायला लावली. अंकात लेख देणारा प्रत्येक जण आता लिहून देतो की जतनासाठी या लेखाची नक्कल कुणीही करावी, माझी हरकत नाही. सही करायला कुणाला दहा सेकंदांहून जास्त लागत नाहीत. दोनशे वर्षांचे वकील जो पेच सोडवू शकले नाहीत, तो पुढच्या लेखांपुरता एका ओळीत सुटतो. तुमच्या गावच्या मंडळाचा, शाळेचा, संस्थेचा अंक निघत असेल तर ही ओळ जरूर घाला. आणि पाच प्रती कागदावर काढा, पाच वेगवेगळ्या घरांत ठेवायला.

काकांचा लेख मी छापून, टाचून काकूंना दिला. त्यांनी चष्मा लावून पहिलं पान वाचलं आणि म्हणाल्या, "टबात नव्हे रे, बादलीत केलं होतं विसर्जन. यांना काही आठवायचं नाही." मग हसल्या आणि पुढे वाचत राहिल्या.

या लेखाचीही नक्कल कुणी करून ठेवली तर माझी हरकत नाही.